मदत हवी आहे: फ्लोरेन्सचा सगळ्यात भारी व्ह्यू कुठून दिसतो? (आज रात्री बुकिंग करायचंय)

उशिरा_लतीफ
लोकहो, घाईत टाकतोय, शुद्धलेखनाकडे बघू नका. आम्ही फ्लोरेन्सला चाललोय आणि मला अशी जागा पाहिजे की जिथून ती लाल कौलं, नदी, पूल, मोठा घुमट सगळं एका फ्रेममध्ये येईल. नेटवर सतरा ठिकाणं दिलीत आणि प्रत्येक जण म्हणतो आमचंच बेस्ट. मुद्दा असा की कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचं तिकीट काढू, बाजूच्या मनोऱ्याचं काढू की दोन्ही? दोघांचे पास वेगळे आहेत आणि घुमटाचे स्लॉट डोळ्यादेखत संपतायत, मघाशी चार दिसत होते आता दोनच. "गुगल कर" सांगू नका, करून झालंय. एक काय ते सांगा.

काटकसर
कधी जाताय? किती दिवस? किती जण?

उशिरा_लतीफ
दिवाळीच्या सुट्टीत, चौघं. दिवसांचा काय संबंध, व्ह्यू तोच असणार ना.

ट्रायपॉडवाला
व्ह्यू तोच नसतो साहेब! सगळे तुम्हाला पियाझ्झाले मिकेलांजेलोला संध्याकाळी जा म्हणतील. जागा चांगलीच आहे, जुन्या शहराच्या समोर नदीपलीकडे टेकडीवरचा भलामोठा चौक, १८६९ साली खास शहर बघायलाच बांधलेला, तेव्हा फ्लोरेन्स थोडी वर्षं इटलीची राजधानी होतं म्हणून एवढा थाट. पण जूनमध्ये सूर्य नदीच्या अंगाला उतरतो, नोव्हेंबरात तो पार डावीकडे टेकडीआड जातो, त्यामुळे पोस्टकार्डवरचा फोटो तुम्हाला मिळणार नाही. मी तर म्हणेन सकाळी जा. ऊन तुमच्या पाठीमागून येतं, घुमट आणि कौलं समोरून उजळतात, माणसंही कमी. ७०-२०० ची झूम लेन्स आहे का? नसेल तर भाड्याने घ्या पण न्याच.

उशिरा_लतीफ
मोबाईल आहे.

ट्रायपॉडवाला
ठीक आहे. (दीर्घ श्वास)

मिलानची_सून
मी बारा वर्षं इटलीत आहे, पाहुणे आले की फ्लोरेन्स ठरलेलं असतं, त्यामुळे पाठ झालंय. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: घुमटावर चढलात तर घुमट दिसत नाही! कारण तुम्ही त्याच्यावरच उभे असता. तुम्हाला फ्रेममध्ये घुमट पाहिजे ना, मग मनोरा. ज्योत्तोचा कम्पानिले म्हणतात त्याला, ४१४ पायऱ्या, आणि वर गेलात की घुमट अगदी हाताशी, त्याच्या माथ्यावरच्या सज्जात उभी माणसं मुंग्यांसारखी दिसतात. घुमट ४६३ पायऱ्या. लिफ्ट दोन्हीकडे नाही. मनोऱ्यात मधेमधे मजले आहेत, तिथे थांबून दम खाता येतो आणि प्रत्येक मजल्यावरून शहर थोडं थोडं वर येतं. घुमटात मात्र दोन भिंतींच्या मधून जायचं, आतला घुमट वेगळा बाहेरचा वेगळा, त्या पोकळीतून वाट जाते, शेवटी तर भिंत वाकडी अंगावर येते. एकदा शिरलात की मागे मागे लाईन असते, परत फिरणं अवघड.
आता खरं सांगा, चौघं म्हणजे कोण कोण?

उशिरा_लतीफ
मी, बायको, आई, बाबा.

मिलानची_सून
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय!! आईंचं वय? गुडघे?

उशिरा_लतीफ
आई ६७. गुडघे आहेत तसे. म्हणजे दुखतात, जिन्याला कठडा लागतो. आणि बंद जागेत तिला घाबरल्यासारखं होतं, एमआरआयच्या वेळी उठून बसली होती. पण ती म्हणाली "मी येते हळूहळू".

काटकसर
अहो पर्वती १०३ पायऱ्यांची. घुमट म्हणजे साडेचार वेळा पर्वती, ती पण अंधाऱ्या बोळातून आणि मध्ये लिंबू सरबतवाला नाही. आया सगळ्याच "येते हळूहळू" म्हणतात, त्याच्यावर जाऊ नका.

पायपीट
मी काटकसर यांच्याशी असहमत. माझे सासरे ७१ व्या वर्षी घुमट चढले आणि उतरून जिलातो (इटालियन आईस्क्रीम) खाल्ला. माणसाला आधीच म्हातारं करून टाकू नका. आणि घुमटाच्या आतल्या बाजूचं चित्र, तो शेवटचा न्याय, नरकातले राक्षस वगैरे, ते चढताना इतकं जवळून दिसतं की मान दुखत नाही. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये खालून लाकडी आधार न देता तो उभा केला, जगातला सगळ्यात मोठा विटांचा घुमट. तिथे जाऊन चढायचं नाही म्हणजे आग्र्याला जाऊन ताज बाहेरून बघण्यासारखं.

काटकसर
सासऱ्यांना एमआरआयमध्ये भीती वाटते का?

पायपीट
तो मुद्दा मान्य.

गाडीप्रेमी
माझ्या मते कार भाड्याने घ्या. टस्कनी (फ्लोरेन्सच्या आसपासचा प्रांत) कारशिवाय म्हणजे काहीच नाही. सिएना, सान जिमिन्यानो, सायप्रसची झाडं, वळणावळणाचे रस्ते. व्ह्यू म्हणजे व्ह्यू.

मिलानची_सून
सायप्रसची नाही, सायप्रेसची. सायप्रस देश आहे :) आणि कृपा करून हा सल्ला शहरासाठी देऊ नका. जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला झोन आहे, कॅमेरे आहेत. आमचे एक नातेवाईक एका संध्याकाळी हॉटेल शोधत त्याच झोनमध्ये तीनदा शिरले आणि कित्येक महिन्यांनी तीन वेगळे दंड घरी आले, वर भाड्याने गाडी देणाऱ्यांनी पोलिसांना माहिती पुरवल्याची फी वेगळी.

गाडीप्रेमी
नकाशा नीट बघितला असता तर झालं नसतं. चूक गाडीची नाही.

चहाबाज
अवांतर: शाकाहारी आहात का? रिबोलिता नावाचं सूप मिळतं, शिळा पाव, काळा कोबी, घेवडा. आपल्या फोडणीच्या पोळीचं चुलत भावंडच. चामड्याच्या पट्ट्यांची खरेदी सान लोरेन्झो बाजारात करा पण पहिल्या दुकानात घेऊ नका.

उशिरा_लतीफ
लोकहो व्ह्यू!! स्लॉट एकच राहिलाय आता.

मिलानची_सून
घुमट विसरा हो. मला अजून एक सांगा, प्रत्यक्ष हातात वेळ किती? यायचं कधी, निघायचं कधी?

उशिरा_लतीफ
रोमहून शुक्रवारी दुपारी १ ला पोचतो, शनिवारी संध्याकाळी ५ च्या ट्रेनने व्हेनिस.

काटकसर
म्हणजे दीड दिवस पण नाही. आणि विचारतात दिवसांचा काय संबंध.

मिलानची_सून
बरं मग ऐका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर दिवाळीच्या सुमारास सूर्य पाच वाजायच्या आतबाहेर मावळतो. म्हणजे शुक्रवारी हॉटेलात सामान टाकून साडेतीनला निघायलाच पाहिजे. चौघं आहात, टॅक्सी करा, रस्त्यात हात करून थांबत नाही, स्टँडवरून घ्या किंवा हॉटेलला बोलवायला सांगा. पियाझ्झालेला उतरू नका, सरळ त्याच्या वरच्या सान मिनिआतो चर्चला न्यायला सांगा. समोरून मोठा थोरला जिना आहे पण बाजूने रस्ता वर जातो. चर्च हजार वर्षं जुनं, पांढऱ्या हिरव्या संगमरवराचं, आणि दारासमोरच्या ओट्यावरून तेच अख्खं शहर दिसतं, खालच्या चौकातला गिटारवाला आणि सेल्फी काठ्या वगळून. टेकायला कठडा आहे. संध्याकाळी आतमध्ये मठातले साधू प्रार्थना गातात, वेळ जुळली तर आईंना बसवा तिथे, आमच्या सासूबाई उठायला तयार नव्हत्या.

ट्रायपॉडवाला
सान मिनिआतोवरून घुमट लहान दिसतो आणि समोर झाडं येतात. पियाझ्झालेच बरोबर. तिथे मिकेलांजेलोच्या डेव्हिड पुतळ्याची ब्राँझची प्रतिकृतीही आहे.

मिलानची_सून
मोबाईलवर दोन्हीकडून लहानच दिसणार आहे. त्यांना शांत बसायचंय, मासिकाचं मुखपृष्ठ काढायचं नाहीये.

ट्रायपॉडवाला
हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट). (मनोऱ्याच्या माथ्यावर जाळी आहे हे पण कुणी सांगितलं नाही, लेन्स जाळीला चिकटवून काढा.)

निवांत
इतका वेळ नुसती वाचत होते. ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी ओब्लातेचं वाचनालय कुणीच कसं सांगितलं नाही? कॅथेड्रलपासून पाच मिनिटांवर, जुना मठ, आता सार्वजनिक वाचनालय आहे. वरच्या मजल्यावर कॅफे आहे, तिकीट नाही, आणि समोर घुमट असा उभा की जणू शेजारच्या गच्चीवर कुणीतरी ठेवलाय. कॉलेजची पोरं लॅपटॉप उघडून बसलेली असतात, त्यांना घुमटाचं काही नाही. मी दोन कापुचिनो घेऊन दीड तास बसले. तुम्ही तिघं मनोरा चढा, आईंना तिथे बसवून जा. लिफ्ट चालू आहे का तेवढं खाली विचारा.

पायपीट
हे भारी आहे. मला माहीत नव्हतं. +१

करवीरकर
एवढं सगळं बोललात पण फ्लोरेन्सला जाऊन मराठी माणसाने जे बघायलाच पाहिजे ते एकानेही सांगितलं नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना तिथेच वारले, ३० नोव्हेंबर १८७०, वय फक्त वीस. हिंदू पद्धतीने दहन केलं, अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर. परक्या मुलुखात सुद्धा संगम शोधला बघा. तिथे १८७४ साली छत्री आणि आत त्यांचा रंगीत अर्धपुतळा उभारला, फेटा, दागिने सगळं. शेजारचा मोठा पूल १९७८ चा, त्याचं नावच पाँते आल्लिंदियानो, म्हणजे भारतीयाचा पूल. काशिने नावाच्या पार्कच्या अगदी पश्चिम टोकाला.

काटकसर
हा व्ह्यू पॉईंट नाही पण. अवांतर.

करवीरकर
सगळं टेकडीवरून बघायचं असतं का?

उशिरा_लतीफ
एक मिनिट. हे खरंय का? आईचं माहेर गडहिंग्लज. आत्ता तिला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली घुमट राहू दे, मला तिथे ने.

करवीरकर
खरंय. जाताना फूल घेऊन जावा.

मिलानची_सून
हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये सांगायला हवं होतं :) पार्क साडेतीन किलोमीटर लांब आहे, ट्राम जिथे सोडते तिथून ते टोक गुडघेदुखीला झेपणार नाही, इथेही टॅक्सीच, आणि परतीची टॅक्सी बोलावून ठेवा नाहीतर तिथे चिटपाखरू नसतं.

उशिरा_लतीफ
मनोऱ्याचा पास काढला, तीन तिकिटं, शनिवार सकाळचा पहिला स्लॉट. घुमट सोडला. आता शेवटचं, शुक्रवारी दुपारी राजाराम महाराज आणि मग तिथूनच पाचच्या आत सान मिनिआतो होईल का?

मिलानची_सून
नाही. ते शहराचं पश्चिम टोक, हे नदीपलीकडे दक्षिणेला, मधे शुक्रवारचं ट्रॅफिक. शनिवारी मनोरा उतरून ओब्लातेतून आईंना घ्या, जेवा, एक वाजता काशिने, साडेतीनपर्यंत स्टेशन. पार्क नदीच्या स्टेशनकडच्याच काठावर आहे. बॅगा हॉटेलात ठेवून या, मनोऱ्यात मोठी बॅग घेऊन सोडत नाहीत.

गाडीप्रेमी
कार असती तर दोन्ही झालं असतं.