डब्यातले हात: अर्धं चित्र, अर्धा मजकूर. हे दाखवायचं कुठे?

खिडकीची_सीट:
नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाते. लेडीज डब्यात बसायला मिळालं की समोरच्या बायकांचे हात काढते. चेहरा काढायला घेतला की समोरचीला लगेच कळतं. मग ती ओठ आवळून बसते, नाहीतर सरळ विचारते. हातांकडे कोणाचं लक्ष नसतं. आणि आमच्या डब्यात हात रिकामे नसतातच. मटार सोलणारे, गवार मोडणारे, भिशीचे पैसे मोजणारे, घाटकोपर गेल्यावर झोपेतही पर्स घट्ट धरून ठेवणारे. ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदावर साध्या बॉलपेनने काढते आणि खाली चार-पाच ओळी लिहिते. गोष्ट नव्हे, कविता तर नव्हेच. ती बाई काय बोलली, किंवा बोलता बोलता कुठे थांबली, एवढंच.

मैत्रिणीच्या आग्रहावरून इन्स्टावर टाकायला लागले. एका नव्या नवरीचे मेंदीचे हात होते, हिरवा चुडा होता, ते तुफान चाललं. तेव्हापासून डब्यात चढले की नजर आपोआप 'चालतील' असे हात शोधते. रोजचे समोरचे हात दिसतच नाहीत. कागद तसाच घरी येतो.

दुसरं म्हणजे चित्रकलेच्या ग्रुपवर सांगतात, मजकूर काढून टाका, रंग भरा. साहित्यकट्ट्यावर म्हणाले, चित्रं काढून टाका, मजकूर फुलवा, छान कथा होईल. असं अर्धं-अर्धं कोणाला हवंय का? आणि सुचणं बंद झालं की तुम्ही काय करता? कृपया ध्यानधारणा सुचवू नका, चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकून, ती जमत नाही.

जुळारी:
ताई, मी दिवाळी अंकांची मांडणी करतो, त्यामुळे माझं उत्तर थोडं स्वार्थी आहे. आम्हाला असंच काहीतरी हवं असतं. 'मासिक मनोरंजन'नं १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे आहे आणि त्यात चित्र नि मजकूर एका पंगतीला बसत आले आहेत. रंगीत पानं महाग पडतात, त्यामुळे काळ्या रेषेचं काम छोट्या अंकांना फार सोयीचं जातं. पण ऑक्टोबरात पाठवू नका. पावसाळा सुरू झाला की संपादकांना विचारायला लागा, ऑगस्टपर्यंत आमची बरीचशी पानं लागलेली असतात.

चित्र मोबाईलने फोटो काढून पाठवू नका, कडेला करडी सावली येते. स्कॅन करा, रेषेच्या चित्राला ६०० डीपीआय ठेवा. तुमचा कागद पाठकोरा आहे, म्हणजे मागचं छापील पुढे उमटणार. स्कॅन करताना पाठीमागे काळा कागद ठेवा, बरंच दबतं. मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून वेगळा द्या. पीडीएफ पाठवणाऱ्यांना मी मनातल्या मनात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

आणि कोणी 'साहित्य स्वीकारलं आहे, अमुक प्रती विकत घ्या' म्हणालं तर नमस्कार करून बाजूला व्हा.

फोर्टमधला_टाईमपास:
सुचणंबिचणं काही नसतं. बसायचं आणि काढायचं. इन्स्टा काढून टाका फोनवरून.

रविवारची_वही:
वरचे साहेब जरा कडक आहेत, पण दुसऱ्या वाक्याशी सहमत.

तुमचं ऑफिस फोर्टला आहे ना? मग परतताना क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडी शिल्पं बघा. रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले, त्यांचं काम आहे ते. कष्टकरी माणसं आहेत, धान्याचं काम चाललंय. खालून हजारो लोक आंबे नि कुत्र्याचे पट्टे घेऊन जातात, वर कोणी बघत नाही. दगडाचे हात हलत नाहीत आणि त्यांना कोणी लाईक देत नाही. मी अडकलो की तिथे किंवा व्हीटी स्टेशनच्या कोरीवकामासमोर उभा राहतो. तेही जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे.

अर्ध्या-अर्ध्याबद्दल: अर्बन स्केचर्स हा जगभरचा गट २००७ मध्ये गॅब्रिएल कॅम्पनारिओ नावाच्या सिएटलच्या पत्रकाराने सुरू केला. चित्र आणि बातमी एकत्र हाच त्याचा पेशा. त्यांचा मुख्य नियम म्हणजे जागेवर बसून, डोळ्यांनी बघून काढायचं, फोटोवरून नाही. तुम्ही न ठरवता तेच करताय. मुंबईतही हा गट आहे. शेवटी सगळ्यांच्या वह्या जमिनीवर पसरून ठेवतात आणि सगळे वाकून बघतात. 'मजकूर काढून टाका' असं मला तरी तिथे कोणी म्हटलेलं नाही. चहा मात्र आपला आपण प्यायचा.

खिडकीची_सीट:
धन्यवाद सगळ्यांना. काळ्या कागदाचं आजच करून बघते. टाईमपासदादा, फोनवरून काढलं तरी नजर कशी काढायची?

एक राहिलं. आमच्या ग्रुपमधल्या एकीने स्वतःच्या बांगड्या चित्रात ओळखल्या. मला वाटलं, आता भांडण. तर ती म्हणे, "मी म्हणजे काय नुसते हात का गं?" आणि तेच चित्र नाव कापून कोणत्या तरी सुप्रभातच्या मेसेजमध्ये फिरतंय. हक्क वगैरे असतो का आपला?

रविवारची_वही:
असतो. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यानुसार चित्र काढलं त्या क्षणी हक्क तुमचा, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. सुप्रभातवाल्यांना कोर्टात कोण खेचणार, हा भाग वेगळा! सही कोपऱ्यात करू नका, बांगडीच्या रेषेत किंवा बाहीच्या चुणीत घाला. कापायला गेले तर हातच कापावा लागेल.

गिरगावची_मावशी:
अगं, तुझं वाचून आमच्या चाळीचं हस्तलिखित आठवलं. गणपतीत निघायचं. एकच प्रत, ती बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून फिरायची, आणि शेवटी कोरी पानं असायची, वाचणाऱ्यांनी लिहायला. लोक अक्षराच्या चुका काढायचे, जोश्यांच्या गच्चीचं चित्र चुकलंय म्हणून भांडायचे. पण बघायचे गं, नीट बघायचे.

तू डब्यासाठीच काढ ना. एक ए-फोर कागद घे. घड्या घालून आठ चौकोन पाड, मधल्या लांब घडीवर फक्त मधल्या दोन घरांपुरती कात्री मार आणि दुमड. मुखपृष्ठ-मलपृष्ठ धरून आठ पानांची पुस्तिका होते, टाचणीसुद्धा लागत नाही. सहा हात नि सहा मजकूर मावतील. फोर्टात झेरॉक्सवाले पावलापावलावर आहेत. ज्यांचे हात आहेत त्यांनाच आधी दे. त्या बांगडीवालीला पहिली प्रत, आणि ती काय बोलते ते पुढच्या अंकात छाप.

खिडकीची_सीट:
मावशी, हे भारीच. आमच्या डब्यात नवरात्रात सजावट असते, तेव्हा वाटता येईल. झेरॉक्स एकाच बाजूने ना? आणि मी आत्ता घडी घालून बघितली, काही पानं उलटी येतायत.

गिरगावची_मावशी:
एकाच बाजूने. वरची चार उलटीच येतात, तसंच असतं. आधी कोऱ्या कागदाची घडी घाल, पानांवर पेन्सिलने आकडे टाक, मग उघड आणि त्याप्रमाणे चिकटव. आणि कडेला बोटभर जागा सोड, झेरॉक्सचं मशीन कडा खातं.