भाऊ उठतच नाही. हा आळस की आजार?

धायरी_फाटा

घरात रोज यावरून वाद होतात, म्हणून इथे विचारतेय. धाकटा भाऊ, वय २४. हिंजवडीत चांगली नोकरी होती, मार्चमध्ये त्यानेच सोडली. तेव्हापासून खोलीत पडून असतो. रात्री तीनपर्यंत जागा, सकाळी डोळा लागतो तो थेट दुपारपर्यंत. पाच वर्षं ढोलपथकात वाजवणारा मुलगा, यंदा सरावाला एक दिवस गेला नाही. टिपरू गाडीच्या डिकीत पडून आहे. वजन उतरलंय. आंघोळ पण सांगावी लागते.

बाबा एसटीत होते, ३१ वर्षांत एक खाडा नाही. त्यांचं म्हणणं, "हे सगळं लाडाचं आहे. ठरवलं तर उद्या उठून कामाला लागेल." काका म्हणतात डॉक्टरकडे नेऊ नका, शिक्का बसेल, पुढे लग्न जमणार नाही. आईने दोनदा नारळ उतरवून टाकला. आणि भाऊ स्वतःच म्हणतो, "बाबांचं बरोबर आहे गं, मीच फुकट गेलोय."

खरं काय समजायचं? माणूस असं ठरवून होतो का? की हा आजार आहे आणि उपचार हवेत?

तळजाई_रोज_सहा

त्याला पहाटे उठवा आणि टेकडीवर घेऊन या. २०१९ मध्ये माझा धंदा बसला होता, मीही खचलो होतो. रोज चालायला लागलो आणि सावरलो. गोळ्यांच्या नादी लागू नका, एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत. शेवटी माणसाने स्वतः मनावर घ्यायला हवं. मनापासून सांगतोय, राग नसावा.

पत्रिकावाल्या_काकू

तळजाईकर, तुम्हाला टेकडीचा उपयोग झाला हे मी खोटं म्हणत नाही. नैराश्य हलकं असेल तर व्यायामाने खरंच फरक पडतो, आमच्या डॉक्टरांनीही ह्यांना नंतर चालायला लावलं. पण ज्याला पलंगावरून मोरीपर्यंत जाणं जमत नाही, त्याला टेकडी कुठून जमणार?

मुली, तुझे बाबा जे बोलतात ते मी वर्षभर माझ्या नवऱ्याला ऐकवलंय. म्हणून एवढं लिहायला बसले.

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका हेच मुख्य काम. प्रूफं हे स्वतः वाचायचे, त्यांच्या नजरेतून वेलांटी सुटायची नाही. २०१४ च्या लग्नसराईत एका पत्रिकेत मुलीच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' छापून गेलं. आजोबा हयात. पाचशे पत्रिका होत्या. पार्टी दुकानात येऊन नको ते बोलून गेली. आम्ही सगळ्या पुन्हा फुकट छापून दिल्या. माझ्या लेखी विषय मिटला. हे मात्र ती एक पत्रिका खिशात घेऊन फिरायला लागले आणि पंधरा दिवसांत दुकानात जायचेच बंद झाले.

सगळे म्हणाले, चूक मनाला लावून घेतली. मीही तेच म्हणत होते. डॉक्टरांनी मागचं सगळं खोदून विचारलं तेव्हा कळलं की उलटं होतं. चुकीमुळे आजार आला नव्हता, आजार आधीच आला होता म्हणून ती चूक झाली. त्याआधी दोन-तीन महिने हे एकच ओळ चार-चारदा वाचत होते, आणि मी समजत होते चष्म्याचा नंबर वाढला. तुझ्या भावाने नोकरी सोडली त्याआधीचे महिने आठवून बघ. नोकरी सोडली म्हणून तो असा झाला, की असा झाला होता म्हणून नोकरी सुटली?

आता ठरवण्याचं. मी रोज सकाळी म्हणायची, "अहो, उठा की आता." ते "हो" म्हणायचे. एका रात्री त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावताना दिसलं, साडेपाच, पावणेसहा, सहा, सव्वासहा असे चार गजर लावलेले. रोजचे. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जागी राहिले. पहिला गजर झाला, हे उठून पलंगाच्या कडेला बसले. एका पायात चप्पल घातली. दुसरी चप्पल हातभर लांब होती, तिच्याकडे बघत पाऊण तास तसेच बसून राहिले. कपाळावर घाम आलेला. मग पुन्हा आडवे झाले. ज्याला लोळतच पडायचंय तो चार गजर कशाला लावेल? त्या दिवसापासून मी "उठा" म्हटलं नाही.

आपण म्हणतो 'ठरव', पण ठरवतो तो मेंदू, आणि आजारी पडलाय तोच. झोप, भूक, लक्ष, एखादी गोष्ट हवीशी वाटणं, सगळं तिथूनच चालतं. कोणी सांगेल एक रसायन कमी पडतं; ते इतकं सोपं नाही. काही भाग घराण्यातून येतो, काही आयुष्यात बसलेल्या तडाख्यांतून, कधी थायरॉइडसारखं शारीरिक कारणही निघतं. साधी उदासी चार दिवसांत ओसरते. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ असं चाललं तर डॉक्टर त्याकडे आजार म्हणून बघतात. तुमचे तर महिने झाले.

'मीच फुकट गेलोय' हे वाक्य वाचून मला धस्स झालं. स्वतःला नालायक ठरवणं हे या आजाराचंच लक्षण आहे, ते त्याचं मत समजू नकोस. आणि एक गोष्ट आजच कर. त्याच्याजवळ बसून सरळ विचार, "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट एकट्याने वाहणं थांबतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटा सोडू नको. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

बाबांना 'डिप्रेशन' शब्दच सांगू नकोस. 'झोप येत नाही, वजन उतरतंय' म्हणून ने, आम्ही तसंच नेलं. ससूनला मनोविकार विभागाची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. येरवड्याच्या मनोरुग्णालयातही आहे, पण आपण पुण्यात ते नाव शिवीसारखं वापरत मोठे झालो. मीही शाळेत वर्गातल्या एका अबोल मुलीला तसं म्हणत असे. आज तिची फार आठवण येते.

माणसाच्या हातात काहीच नसतं असंही नाही. डॉक्टरकडे जाणं, गोळी न चुकवणं, एवढं असतं. पण सुरुवातीला तेही ह्यांच्या हातात नव्हतं, माझ्या होतं. गोळी वाटीत काढून मी समोर ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात झोप सुधारली. सहाव्या आठवड्यात एका दुपारी हे वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "हे बघ, ऱ्हस्व-दीर्घ चुकवलंय." कणकेने भरलेले हात तसेच धरून मी ती चूक बघत राहिले.

२०१८ मध्ये पुन्हा एकदा झालं. त्या वेळी महिनाभरातच डॉक्टरकडे गेलो.

औषधांच्या_काउंटरमागे

काकूंनी लिहिलंच आहे, मी गोळ्यांपुरतं बोलतो. अठरा वर्षं औषधांचं दुकान चालवतोय. 'सुटत नाहीत' हा समज रोज ऐकतो. सवय लागू शकते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांची. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा नसते. पण त्या मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, आणि लोक म्हणतात बघा, सुटत नाही. डॉक्टर हळूहळू उतरवतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायच्या असतात.

दहा दिवसांत फरक नाही म्हणून लोक पट्टी परत करायला येतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. भाऊ २४ चा आहे म्हणून मुद्दाम सांगतो, पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, तसं काही वाटलं तर लगेच डॉक्टरांना फोन. मध्ये कधी दिवसचे दिवस न झोपताही भलत्याच उत्साहात होता का, तेही डॉक्टरांना सांगा, कारण मग औषध वेगळं लागतं.

काकांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आणि तो एकटा नाही. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वीसातल्या एकाला कधी ना कधी नैराश्य आलेलं आढळलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांतले सुमारे ८५ टक्के उपचारांविना होते.

धायरी_फाटा

काकू, काल रात्री विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "झोपलं की उठूच नये असं वाटतं. रोजच." मी १४४१६ ला फोन लावला. ताई मराठीतच बोलल्या, त्याच्याशीही दहा मिनिटं. रात्री मी त्याच्या खोलीतच झोपले.

आज ससूनला जातोय. बाबांना झोप आणि वजन एवढंच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सकाळी बघते तर त्याची धूळ खात पडलेली गाडी पुसून, पेट्रोल भरून दारात लावलेली. मला विचारलं, "केसपेपरची रांग मोठी असते का? मी पुढे जाऊन उभा राहतो."