गोधडीवर नको, पाटावर इस्त्री करा
टी-शर्टवर इस्त्रीने डिझाईन उतरवायचा कागद, म्हणजे ट्रान्सफर पेपरच बोगस, दोन धुण्यांत डिझाईन निघतं असं कोणी कोणी म्हणतं, मला नाही पटत. मागच्या श्रावणात कानबाईच्या (खानदेशातली देवी) सणासाठी आम्ही जळगावला घरच्या पोरांचे १२ टी-शर्ट साध्या इस्त्रीने छापले, पहिले तीन गोधडीवर ठेवून केले तर सगळ्या कडा सुटल्या, मऊ जागेवर दाबच बसत नाही ना. मग जेवायचा लाकडी पाट घेतला, वर जुनं सुती कापड, वाफ बंद, आणि शर्ट आधी नुसता इस्त्री करून घेतला कारण पावसाळ्यात कापडात ओल राहतेच. कडांवर जास्त वेळ दाबा, सुटायला तिथूनच लागतं. ते नऊ अजून मस्त आहेत, उलटे करून थंड पाण्यात धुतो.

आणि सब्लिमेशन (उष्णतेने शाईची वाफ होऊन कापडात उतरते ती छपाई) सुती शर्टावर नका करू, ती शाई पॉलिस्टरलाच धरते.