बर्बनची चव तपासताना गुण पाणी घालण्याआधी द्यायचे की नंतर? मदत हवी आहे

दोन बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकी व्हिस्की: नॉब क्रीक ९ वर्षं (५० टक्के अल्कोहोल) आणि फोर रोझेस स्मॉल बॅच (४५ टक्के), दोन्ही केंटकी राज्यातल्या. शनिवारी चौघे मिळून लेबल झाकून चव घेणार आहोत, गुणपत्रक मी करतोय.

अडचण नॉब क्रीकची. तशीच हुंगली की अल्कोहोलच नाकात जातो, बाकी काही कळत नाही. ग्लेनकेर्न ग्लास (व्हिस्की हुंगायचा, निमुळत्या तोंडाचा) वापरला, ओतून १० मिनिटं थांबलो, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगलं. थोडा फरक पडला. मग १५ मिलीत ड्रॉपरने अर्धा मिली आरओचं पाणी घातलं, आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालांचा वास इतका स्पष्ट आला की मी पुन्हा पुन्हा ग्लास नाकाशी नेला! मागून व्हॅनिला, जळकं लाकूड. पण पाणी २ मिलीच्या वर गेल्यावर शेवटची रेंगाळणारी चव पातळ झाली.

बर्फ, सोडा नाही. प्रत्येकी १५ मिलीच, जास्त घेतल्यावर जिभेवर भरवसा राहत नाही. लेबलवरच्या ‘स्मॉल बॅच’ (थोड्या प्रमाणात बनवलेली) या शब्दाला अमेरिकी कायद्यात व्याख्या नाही हे माहीत आहे, त्या शब्दाला गुण नाहीत. किंमतही मोजायची नाही.

हिशेबाने १५ मिलीत सुमारे १.७ मिली पाणी घातलं की नॉब क्रीक ४५ टक्क्यांवर येते. मग दोन्ही एकाच तीव्रतेवर आणून गुण द्यावेत, की बाटलीतल्या तीव्रतेवरच देऊन पाण्यानंतरचा वेगळा रकाना ठेवावा? आणि आधी कोणती ओतावी?