कातड्याला भोक एक की दोन?

आडरान (धागा सुरू करताना)

हिवाळा आला की आमच्या शिकारी मंडळींत एकच वाद पेटतो, म्हणून तो इथेच एकदा घालून घेऊ. फरसाठी खोकड किंवा कायोटी (अमेरिकेतलं लांडग्यासारखं, पण लहान जनावर) मारायची असेल तर गोळी आत शिरावी आणि बाहेर येऊच नये. माझं मत ठाम आहे.

कातडं फाटतं ते गोळी बाहेर पडताना. आत जाताना जेमतेम साडेपाच मिलिमीटरचं भोक पडतं, केसांत बोटं फिरवून शोधावं लागतं. बाहेर पडताना मात्र पसरलेली गोळी, बरगडीचे तुकडे आणि आतला सगळा ऐवज एकदम निघतो. म्हणून हलकी, शिशावर धातूचं पातळ आवरण असलेली, पोकळ टोकाची गोळी तुफान वेगाने सोडायची. .204 रुगर या काडतुसाची 32 ग्रेनची गोळी, म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास, सेकंदाला 4,200 फुटांनी सुटते. बरगड्या ओलांडल्या की छातीतच तिचा भुगा होतो. .17 रेमिंग्टन तर 1971 पासून हेच काम करतंय, 25 ग्रेन आणि 4,000 फूट. जनावर जागेवर बसतं, पलीकडची बाजू कोरी.

.243 सारखं जड गोळीचं काडतूस घेऊन खोकडामागे जाणाऱ्यांनी आपण फर आणायला चाललोय की फर उडवायला, हे घरूनच ठरवून निघावं.

सरळरेषा

साफ असहमत. तुमची भुगा होणारी गोळी छातीत पोचली तर ठीक. खांद्याच्या हाडावर बसली तर? ती वरच फुटते. गेल्या मोसमात अशी एक कायोटी मी स्वतः सोलली आहे. तळहाताएवढा खड्डा, कडा दोरे सुटलेल्या गोधडीसारख्या, आणि खाली मांस जवळपास शाबूत. त्या बिचारीला दुसरी गोळी घालावी लागली होती.

मी .223 मधून 55 ग्रेनची पूर्ण आवरणाची, म्हणजे टोकही धातूने झाकलेली, न पसरणारी गोळी वापरतो. दोन भोकं पडतात, दोन्हींत करंगळी जात नाही. टाके घातले की विषय संपला.

आडरान

पूर्ण आवरणाची गोळी सरळ जाते हा जुना गैरसमज आहे. टोकदार गोळीचं वजन मागच्या बाजूला असतं, त्यामुळे मांसात शिरल्यावर ती कोलांटी घेते. सैन्याची एम-193 ही नेमकी 55 ग्रेनची. वेग 2,700 फुटांच्या वर असेल तर ती आवरणावरच्या खाचेपाशी मोडते आणि तिचे तुकडे होतात. तुमची खोकडं अंगाने एवढी बारीक, की कोलांटीआधीच गोळी पार होते. तिरप्या उभ्या कायोटीवर हाच प्रयोग करा, मग करंगळी सोडा, मूठ घालून बघा.

पाणवठा

दोघांचं भांडण कातड्यावर चाललंय, म्हणून जनावराच्या बाजूने बोलते. पूर्ण आवरणाची गोळी फुप्फुसातून सरळ गेली तर जनावर लगेच पडेलच असं नाही. ते झुडपांत शिरतं आणि तिथे मरतं. भोक बारीक, पण कातडं कुठाय? अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत हरणासारख्या मोठ्या शिकारीला ही गोळी चालतच नाही, ती याच कारणाने. शिवाय दगडावरून उसळून कुठे जाईल त्याचा भरवसा नाही.

गंमत अशी, की 1899 च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं. माणसासाठी जी क्रूर मानली, तीच जनावरासाठी दयेची ठरते, कारण ती लवकर मारते. या बाबतीत मी आडरान यांच्या बाजूने, त्यांचा टोमणे मारायचा सूर सोडून.

टाकेवाला

मी बंदूक चालवत नाही, कातडी कमावतो. तुमच्या सगळ्यांचे पराक्रम शेवटी माझ्या टेबलावर येतात.

भोक एक की दोन याने मला फारसा फरक पडत नाही. गोल आणि स्वच्छ असलं की झालं. मांसाच्या बाजूने भोकाच्या कडा पानाच्या आकारात कापायच्या, दोन्ही टोकं निमुळती, आणि मग शिवायचं. गोल भोक तसंच ओढून शिवलं तर चुणी पडते. ती केसांच्या बाजूने लपते खरी, पण हात फिरवला की लागते. शिवायचं ते कातडं फळीवर ताणायच्या आधी. ताणून वाळवलं की नखाएवढं भोक रुपयाएवढं होतं, आणि मग लोक मला विचारतात एवढं मोठं कसं झालं.

माझी खरी डोकेदुखी रक्ताची. तुमच्या न फुटणाऱ्या आणि फुटणाऱ्या दोन्ही गोळ्यांनी मारलेलं जनावर तुम्ही गाडीत तसंच टाकता. जखमेत कापसाचा बोळा कोंबायला अर्धं मिनिट लागतं. डाग पडलाच तर गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने रक्त केसांत पक्कं बसतं.

आणि हो, खोकडाचं कातडं पातळ असतं, कायोटीचं त्या मानाने दणकट. दोघांना एकच काडतूस लावणारे मला नेहमी भेटतात.

पल्ला

इथे सगळे काडतुसाचं नाव घेऊन भांडतायत, अंतराचं कोणीच बोलत नाही. .22-250 ची 55 ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी 3,600 फुटांच्या पुढे असते. 40 यार्डांवर ती बॉम्बसारखी फुटेल. तीच 300 यार्डांवर पोचेपर्यंत वेग इतका उतरलेला असतो, की नीट पसरून शहाण्यासारखी वागते. गोळी तीच, कातडी दोन तऱ्हेची. मग दोष काडतुसाचा कसा?

आवाज काढून जनावर जवळ बोलावणाऱ्यांना एवढा वेग हवाच कशाला? 60-70 यार्डांत खोकड येत असेल तर .22 मॅग्नम पुरतं, 40 ग्रेन आणि 1,900 फूट. 2002 मध्ये आलेलं .17 एचएमआरही चालेल. कायोटीवर मात्र ते नको. 17 ग्रेनची गोळी हाडावर अडली तर पाणवठा म्हणतात तेच होणार.

घारीची नजर

जनावर सोललं की उरलेलं धड रानातच टाकता ना? शिशाचा तो छातीतला भुगा गरुड आणि गिधाडं खातात. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाची गोळी बंद आहे, त्यामागे काँडोर गिधाडांना होणारी विषबाधा होती. आडरान ज्याला गोळीचा गुण म्हणतात, त्याचीच किंमत दुसरं कोणीतरी मोजतंय.

आणि हे सगळं कशासाठी? 2021 मध्ये कॅनडा गूज या कपड्यांच्या कंपनीने जाकिटांच्या टोप्यांना कायोटीची फर लावणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. एवढा मोठा गिऱ्हाईक गेल्यावर भोक एक पडलं काय न् दोन!

आडरान

शिशाचा मुद्दा मान्य. निव्वळ तांब्याच्या हलक्या गोळ्या मिळतात, पण सगळ्याच सारख्या पसरत नाहीत, आपल्या नळीतून आधी उडवून बघावं लागतं. तोवर धड पुरायचं.

बाजार पडला म्हणून कातडं खराब करायचं हे मात्र पटत नाही. विकायचं नसेल तर घरात वापरू. मारलेलं वाया घालवणं मला जमत नाही.

पल्ला, अंतराचं माझ्या डोक्यात होतं पण लिहायला हवं होतं. 50 यार्डांच्या आत .204 ने खांदा मारला तर सरळरेषा यांचा खड्डा होतो, हे मी पाहिलंय. तिथे मी खांद्यामागे चार बोटं नेम धरतो, आणि कायोटी समोरासमोर उभी असेल तर थांबतो. वळली तर वळली.

सरळरेषा

म्हणजे खड्डा पाहिला होता, फक्त सांगितला नव्हता. असो. मी .223 सोडणार नाही, पण कायोटीसाठी मऊ टोकाची गोळी भरून बघतो. खोकडाला माझी जुनीच.

टाकेवाले, ते पानाच्या आकाराचं शिवायला सुई कुठली?

टाकेवाला

तीन धारांची, चामड्याची असते ती. साधी घेतलीत तर कातड्याआधी बोटाला भोक पडेल.