गावातलं सैनिक स्मारक: पुतळा हवा की नावांची भिंत?

(ही एक चर्चा आहे. प्रत्येक मतावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कोयनाकाठ

सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जिथं घरटी एक माणूस फौजेत, तिथं स्मारकाच्या बैठकीतलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बंदूकधारी जवानाचा पुतळा, खाली अशोकस्तंभ, मागं झेंडा." माझं मत उलट आहे. पुतळा नको, नावं कोरलेली दगडी भिंत करा.

एक, पुतळा कुणाचाच नसतो. साच्यातला चेहरा आणि साच्यातली रायफल, तीही बऱ्याचदा चुकीच्या काळातली. १९६५ च्या लढाईतल्या माणसाच्या हातात इन्सास (कितीतरी नंतर आलेली रायफल) दिली की माजी सैनिक तिथंच हसतात.

दोन, फायबरचा पुतळा उन्हानं पाचेक वर्षांत भुरा पडतो. मग दर वर्षी वर्धापनदिनाच्या आदल्या रात्री कोणीतरी सोनेरी ऑइलपेंट फासतं. चार थर चढले की नाक-डोळे बुजलेच.

तीन, नाव टिकतं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक अजून उभं आहे. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक (२५ फेब्रुवारी २०१९) बघा. तिथल्या त्यागचक्रात, म्हणजे गोलाकार भिंतींवर, पंचवीस हजारांवर नावं ग्रॅनाइटवर आहेत आणि लोक थांबतात ते नाव शोधायला.

अशोकस्तंभाचं तर विसराच. राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा कायदा आहे, हौसेनं चौथऱ्यावर लावायची ती वस्तू नाही.

ओतीव

फायबरचे दोष पुतळ्याच्या माथी मारू नका. पुतळा म्हणजे ब्राँझ, आणि नीट ओतलेलं ब्राँझ तुमच्या भिंतीपेक्षा जास्त टिकतं.

नीट म्हणजे काय? मिश्रधातू ८५-५-५-५, म्हणजे तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. जाडी सगळीकडे ५ ते ८ मिलिमीटर. कुठं ३ आणि कुठं १५ झाली की थंड होताना तिथंच तडा जातो. आतला सांगाडा स्टेनलेसचा, ३१६ ग्रेडचा मिळाला तर उत्तम. स्वस्त पडतं म्हणून आत साधं लोखंडी अँगल घातलं की ब्राँझ आणि लोखंड यांच्यात पाणी शिरल्यावर गंज लोखंडाला खातो. बाहेरून चकचकीत, आतून पोकळ. मालवणला राजकोटावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नट-बोल्ट गंजल्याची चर्चा तेव्हा घरोघर झाली. पुतळ्याच्या तळव्यात पाणी निघायला १० मिलिमीटरची दोन भोकं ठेवायची असतात, ती किती जण ठेवतात?

माणसाच्या उंचीचा ब्राँझ पुतळा साधारण दीडशे ते अडीचशे किलो भरतो. कोणी "दहा फुटी, शंभर किलोत बसवतो" म्हणाला तर पत्रा ठोकून देणार आहे असं समजा.

आणि चेहऱ्याचं म्हणाल तर, आठ-दहा वर्षांची पोरं नावांच्या यादीसमोर थांबत नाहीत. पुतळ्यासमोर थांबतात, बूट मोजतात, बिल्ला कुठला विचारतात.

नोंदवही

दोघांनाही: आधी नावं तपासा. भिंत असो वा चौथरा, चूक तिथंच होते.

वॉशिंग्टनमध्ये कोरियन युद्धाच्या स्मारकात २७ जुलै २०२२ ला नावांची भिंत अर्पण झाली. काही महिन्यांतच अभ्यासकांनी हजाराच्या आसपास नावांचं स्पेलिंग चुकल्याचं दाखवलं. पैसा होता, यंत्रणा होती, तरी जुनी यादी तशीच छिन्नीखाली गेली.

आपल्याकडे घोळ वेगळा. लष्करी नोंदी इंग्रजीत, त्यामुळे भोसले की भोसाळे, साळुंखे की साळोखे हे कागदावरून कळत नाही. शिवाय नोंदीतलं गाव कधी तालुक्याचं नाव असतं, तर कधी मामाचं गाव. म्हणून तीन कागद जुळवायचे: डिस्चार्ज बुक (लष्कराचं सेवापुस्तक), जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची नोंद आणि घरच्यांनी स्वहस्ते मराठीत लिहून दिलेलं नाव. शंका उरली तर त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला सर्व्हिस नंबर घालून पत्र. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला. दोन्ही महायुद्धांतल्या मृतांसाठी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची यादी उघडी आहे.

कोरण्याआधी बटर पेपरवर एकास-एक आकाराची छपाई काढून चावडीत पंधरा दिवस लावा. प्रत्येक घराची सही घ्या. दगडावरचं काना-मात्रा पुसता येत नाही, स्लॅबच बदलावा लागतो.

छिन्नीवाला

नोंदवहींना जोड. देवनागरी कोरताना मशिनवाल्याकडे जुन्या फॉन्टमधली फाइल गेली की पहिला बळी ऱ्ह आणि ऱ्य यांचा. "कऱ्हाड"चं "कर्हाड" होतं, "गोऱ्हे"चं "गोर्हे". अक्षरं आउटलाइनमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या रेषांत) बदलूनच फाइल द्या आणि नमुना म्हणून हेच दोन शब्द आधी फुटक्या तुकड्यावर कोरून घ्या.

अक्षर २५ मिलिमीटरच्या खाली नको. ओळीत अंतर ५० मिलिमीटर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. ४ बाय २ फुटांच्या स्लॅबवर वर-खाली अर्धा-अर्धा फूट सोडून १८ नावं नीट बसतात. २०० नावांना १२ स्लॅब. पण मी १४ घ्यायला सांगेन, दोन कोरे.

खोली २ ते ३ मिलिमीटर, सँडब्लास्टनं (वाळूच्या फवाऱ्यानं). त्यात सोनेरी रंग भरू नका. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर खरवडलेलं अक्षर आपोआप राखाडी दिसतं, तो रंग कधी उडत नाही.

बसवणं: २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला ५ किलो, ४० चा १० किलो. सिमेंटच्या लगद्यात चिकटवला तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच सांध्यातून पांढरी भुकटी फुटते आणि नावांवर ओघळ येतात. स्टेनलेसच्या क्लॅम्पवर, मागं हवा सोडून बसवा, सांधा ५-६ मिलिमीटर. काळ्या मातीत पाया असेल तर मुरूम लागेपर्यंत खणा. काळी माती फुगली की भिंत मधोमध चिरते, आणि चीर बरोबर कुणाच्यातरी नावातून जाते.

तिसरी घंटा

कोयनाकाठ, नुसत्या भिंतीचं उदाहरण म्हणून वॉशिंग्टनची व्हिएतनाम भिंत (त्या युद्धात पडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या नावांची) अजून कोणी काढली नाही याचं आश्चर्य वाटलं. आता मीच काढतो, पण तुमच्या विरोधात. माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा १४२१ प्रवेशिकांतून निवडला गेला. १३ नोव्हेंबर १९८२ ला भिंत अर्पण झाली तेव्हा ५७,९३९ नावं होती. दगड आपल्या बंगळूरकडचा. तिथल्या माजी सैनिकांतल्याच काहींना ती काळी भिंत म्हणजे लाजेचा ओरखडा वाटली. शेवटी १९८४ पर्यंत जवळच तीन सैनिकांचा ब्राँझ पुतळा आणि ध्वजस्तंभ आला. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या नावांच्या भिंतीलाही माणसाची आकृती लागलीच.

कोयनाकाठ

आणि आज तिथं लोक ठसा घ्यायला कागद ठेवून पेन्सिल कशावर घासतात? नावावर. पुतळ्याजवळ फोटो काढतात.

सह्यपायथा

तुम्ही दोघंही बाहेरच्या चौकटीत भांडताय. आपल्याकडे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, आहे की. तीन-चार कप्पे, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो शिवपिंडीची पूजा करतोय, माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर चक्क नौकांची लढाई कोरली आहे. आकृती पण आहे, दगड पण आहे. काळ्या बेसॉल्टचा पाच फुटी आधुनिक वीरगळ करा, गावातलाच पाथरवट करेल.

नोंदवही

सुंदर, पण बहुतेक वीरगळांवर नावच नसतं. म्हणून आज ते मारुतीच्या देवळामागं आडवे पडलेत किंवा शेंदूर लागून देव झालेत. कोण लढला, कुणासाठी, पत्ता नाही. ज्या चुकीपासून धडा घ्यायचा तीच पुन्हा?

दुसरं, गावच्या यादीत शेख, मुल्ला, कांबळे, डिसोझा अशीही नावं असतात. शिवपिंडीच्या कप्प्याखाली सगळी घरं सारख्याच मनानं उभी राहतील का, हे बैठकीत आधी विचारा. चंद्रसूर्य ठेवा, वरचा कप्पा रिकामा सोडा किंवा तिथं गावचा डोंगर कोरा.

सह्यपायथा

डोंगराची सूचना घेतली. नावं मागच्या बाजूला कोरता येतील. बेसॉल्टवर बारीक अक्षर तुटतं हे मात्र छिन्नीवाले सांगतीलच.

छिन्नीवाला

तुटतंच. सच्छिद्र दगडात ४० मिलिमीटरखाली जाऊ नका. मग १८ ची ११ नावं होतात.

मध्यान्ह

एक वेगळं उदाहरण. नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४, इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस. रायगडमधल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीत माँतोने इथं २०२३ मध्ये त्यांचं स्मारक झालं ते सूर्यघड्याळाच्या रूपात. एकाच माणसाला दोन रूपं, त्यामुळे "पुतळा की भिंत" हा प्रश्नच अपुरा आहे.

कोणी सूर्यघड्याळ करायला घेतलंच तर: साताऱ्यात सावली पाडणारी पट्टी जमिनीशी सुमारे १७.७ अंशांत, खऱ्या उत्तरेकडे. होकायंत्राची नाही, सावलीवरून काढलेली उत्तर. आकडे कोरताना लक्षात ठेवा, आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि सातारा ७४ वर. म्हणजे सूर्य ३४ मिनिटं मागं, वर ऋतूप्रमाणे आणखी पंधरा-सोळा मिनिटांपर्यंतचा फरक. ही दुरुस्तीची पाटी शेजारी लावली नाही तर गाव म्हणेल घड्याळ बिघडलंय.

बिगुल

वस्तूवर इतकं झालं, अर्पणसोहळ्यावर कोणीच नाही. स्मारक चांगलं आणि सोहळा पाट्या टाकल्यासारखा, हे सगळीकडे दिसतं.

तिरंग्यानं पुतळा किंवा भिंत झाकून तो ओढून अनावरण करायचं नाही. १९७१ च्या कायद्यानुसार तो राष्ट्रध्वजाचा अवमान आहे. झेंडा वेगळा, ठळक जागी. झाकायला साधं मरून किंवा पांढरं कापड, रॉडवर कड्यांत. गाठी नकोत, वारा आला की गाठ आवळते आणि मंत्री दोरी ओढत बसतात.

क्रम असा: पुष्पचक्र, "सलामी शस्त्र", "शोक शस्त्र" (रायफलची नळी खाली), बिगुलावर लास्ट पोस्ट ही निरोपाची धून, दोन मिनिटं स्तब्धता, मग राउज ही जागवणारी धून. पुष्पचक्र ठेवायला तिरका स्टँड आधी करून घ्या, नाहीतर ते भिंतीवरून घसरून पाहुण्याच्या बुटावर. बिगुलवाल्यासाठी सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज, किमान दीड-दोन महिने आधी. मिळेलच असं नाही. एनसीसीचा बँड हाताशी ठेवा. स्पीकरवर रेकॉर्ड वाजवायचंच तर डीजेवाल्याला एको बंद करायला सांगा.

स्तब्धता बिघडते ती दोनच कारणांनी. जनरेटर मंडपामागं लावलेला असतो, तो किमान शंभर फूट लांब हवा. आणि सूत्रसंचालक मधेच कविता सुरू करतो. त्याच्या हातातून माइक काढून घ्या, अक्षरशः.

पहिली रांग वीरनारी आणि वीरमाता-पित्यांची. अनावरणही त्यांच्याच हातून. पाहुणे दुसऱ्या रांगेत बसले तर काही बिघडत नाही.

तारीख: १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन, पण संक्रांत असते, बायका सुगडांत अडकलेल्या. २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, पाऊस. ४ फेब्रुवारी हा मराठा लाइट इन्फंट्रीचा दिवस किंवा १६ डिसेंबर हा १९७१ चा विजय दिवस उत्तम.

ओतीव

बिगुल, तारखेला माझा विरोध. १६ डिसेंबर धरला की समिती ओतकामाला घाई करते. मातीचं मॉडेल कला संचालनालयाकडून मंजूर होणं, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मग मेण, साचा, ओतणं, जोडकाम, पॅटिना (वरचा रासायनिक रंग). काम पूर्ण होऊन एक पावसाळा उलटल्यावर तारीख धरा. गळती असेल तर तेव्हाच दिसते. आणि जागा रस्त्याकडेची नको. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१३ च्या आदेशानंतर रस्त्यावर, पदपथावर पुतळ्याला परवानगी नाही. पुढं चौपदरीकरणात हलवावा लागला की नवा वाद.

तिसरी घंटा

मूळ मुद्दा राहिलाच: नावं फक्त वीरगती मिळालेल्यांची, की सगळ्या माजी सैनिकांची?

कोयनाकाठ

सगळ्यांची. वीस वर्षं सियाचीन-राजस्थान करून परत आलेला माणूस भिंतीबाहेर का?

नोंदवही

मग भिंत दर वर्षी वाढणार, आणि दोन वर्षांत डिस्चार्ज झालेला, बोर्डआउट झालेला (वैद्यकीय कारणानं घरी आलेला), शिक्षा होऊन आलेला यांचं काय, हे ग्रामसभेत मिटणार नाही. वीरगती मिळालेल्यांची नावं दगडावर, माजी सैनिकांची नोंद ग्रामपंचायतीच्या जाड वहीत किंवा काढता येणाऱ्या पितळी पट्ट्यांवर. दोन्हींचा निकष आधी लिहून ठराव करा. आणि दगडावर "शहीद" लिहू नका. लष्करात तसा अधिकृत शब्द नाही. "वीरगती" किंवा नुसतं "कर्तव्यावर असताना" आणि तारीख पुरे.

कोयनाकाठ

पितळी पट्ट्या चोरीला जातात.

छिन्नीवाला

मागून वेल्ड केलेल्या बोल्टवर बसवल्या तर नाही जात. समोरून स्क्रू दिसला की गेलीच.

बाकी एक राहिलं. नारळ. लोक भिंतीच्या कडेवरच फोडणार, कडा उडणार, पाण्याचा डाग पडणार. मनाई लिहून उपयोग नाही. आठ फुटांवर एक ओबडधोबड बेसॉल्टचा दगड आणि खाली नाली द्या. तिथंच फुटतील.