बाक आहेत, पण बसतं कोण?

प्रश्न नेहमी पडतो की पदपथ रुंद केला, बाकही टाकले, तरी तिथे कुणी टेकत का नाही. बहुतेक ठिकाणी चूक बाकांच्या मांडणीत असते. एका रांगेत, रहदारीकडे तोंड करून बसवलेल्या बाकांवर फार तर बसची वाट बघता येते, गप्पा होत नाहीत. दोन बाक काटकोनात ठेवा, मध्ये मीटरभर जागा. गुडघे एकमेकांना लागत नाहीत आणि आवाजही चढवावा लागत नाही. बैठक ४५ सेंटिमीटर उंच हवी. पाठ आणि हाताला टेकू हवाच, नाहीतर आजीआजोबांना उठता येत नाही. उघड्यावरचा ग्रॅनाइट एप्रिल-मेमध्ये असा तापतो की दिवसभर बाक ओसच. म्हणून आधी झाड बघा, मग बाक. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र काँक्रीट ओतू नका, माती उघडी ठेवा.

हे सगळं चालायची १.८ मीटर जागा मोकळी सोडून.

पदपथावर वाहनं चढू नयेत म्हणून लावलेल्या बोलार्डचं, म्हणजे ठेंगण्या खांबांचं म्हणाल, तर व्हीलचेअरसाठी ९० सेंटिमीटर फट ठेवावीच लागते आणि तिच्यातून दुचाकीही घुसते. पार्किंगची जागा रस्त्यालगत आखून दिल्याशिवाय हा त्रास थांबत नाही.

आणि वाहनांची वर्दळ विसरू नका. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या पाहणीत दिवसाला सुमारे २,००० वाहनांच्या गल्लीत माणशी त्याच गल्लीतले सरासरी ३ मित्र निघाले, १६,००० वाहनांच्या रस्त्यावर ०.९.